पाठ दिली, गळा गेला

आण्णांचा उजवा कान कुस्तीत चेंगरून फुटलेला होता आणि तो त्यांनी जन्मभर दागिन्यासारखा मिरवला. नवा माणूस भेटला की ते मान जरा डावीकडे वळवून बसायचे, म्हणजे कान त्याच्या डोळ्यांसमोर आला पाहिजे. तरुणपणी मेंढरं राखता राखता त्यांनी जत्रांच्या फडात कुस्त्या मारल्या होत्या, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांची पाठ एकदाही मातीला लागली नव्हती. हे खरं की खोटं, विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. शिरूर कासारच्या अलीकडे माळावर आमची वस्ती. पत्र्याच्या दोन खोल्या, दगडी मेंढवाडा, कुत्री आणि एक म्हातारं घोडं. त्या वस्तीवर कायदा एकच होता, पाठ टेकायची नाही. थोरला भागवत आणि धाकटा मी, आम्ही धड चालायला लागलो तेव्हापासून आण्णा आम्हाला मेंढवाड्यातल्या लेंड्यांच्या भुसभुशीत जमिनीवर एकमेकांच्या अंगावर सोडायचे. खाली गेलं की झटक्यात पालथं व्हायचं, पोट मातीला आणि पाठ आभाळाला. ज्याची पाठ लागायची त्याला निरगुडीच्या फोकाचे रट्टे बसायचे, आणि मारताना आण्णा हसायचे. बहुतेक वेळा तो मीच असायचो.

घरातलं दूध भागवतचं होतं. शेळीच्या निरशा दुधात बदाम वाटून माय त्याला तांब्याभर द्यायची, आणि तो पीत असताना त्याचा कंठ वरखाली होतो ते आण्णा टक लावून बघत बसायचे. मला हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. गूळ असला तर माडगं वाईट नसतं. नसला तर भिंती सारवायच्या कामाचं. बोकड पडलं की कलेजी आणि नळी भागवतच्या ताटात, माझ्या ताटात रस्सा. माय कधी रश्श्याच्या तळाशी एखादा तुकडा दडवून वाढायची, पण आण्णांची नजर घारीची. "एका घरात एकच गडी तयार होतो," ते म्हणायचे. "दोगाला चारलं तर दोगंबी अर्धवट." मग तो तुकडा ते स्वतःच्या हातानं उचलून भागवतच्या ताटात टाकायचे. भागवत माझ्याकडे बघत सावकाश चावायचा. मी त्याचा द्वेष करायचो, आणि तो ज्या दिवशी मला "चल बे नाऱ्या" म्हणून सायकलच्या दांडीवर बसवायचा त्या दिवशी त्याच्यासाठी जीव टाकायचो. दोन्ही एकाच आठवड्यात व्हायचं.

हे सगळं मी रानात बसून मोबाइलमध्ये बोलतो आहे. मोबाइल माझं अर्धं बोलणं चुकीचं लिहितो आणि माझी मुलगी संध्याकाळी ते नीट करते. काल ती म्हणाली, आप्पा, सगळी माणसं इतकी वाईट कशी हो दाखवता, जरा प्रेमाचं सांगा की. मी म्हणालो, प्रेमाचं आठवलं की सांगतो.

शिरूरला बंद पडलेल्या जिनिंगची एक शेड होती. उमापूरचा एक जवान पलटणीतून निवृत्त होऊन आला, ती शेड त्यानं मालकाकडून मागून घेतली, आणि आत निळ्या-लाल मॅट अंथरल्या. सगळे त्याला फौजी म्हणायचे. बारीक चणीचा, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. त्याला फौजेत ग्रॅपलिंग शिकवलं होतं. तीही कुस्तीच, पण अंगावरचं कापड धरायचं नाही, आणि पाठ टेकली तरी खेळ संपत नाही. गडी गळ्याला नाहीतर सांध्याला पेच खाऊन हार मानेपर्यंत चालतो. हार मानायची म्हणजे समोरच्याच्या अंगावर हाताची थाप मारायची. थाप बसली की धरणाऱ्यानं त्याच क्षणी सोडायचं. आण्णांना हे पहिल्यापासून किळसवाणं वाटलं. "पाठ टेकूनबी खेळत्यात? मंग ती कुस्ती हाय का झोप हाय?" पण या खेळातली पोरं दूरदूरच्या स्पर्धांना जातात, त्यांची नावं होतात, असं फौजीनं सांगितलं आणि आण्णांच्या डोळ्यांपुढे भागवत उभा राहिला. त्यांनी भागवतला धाडलं. मला सायकलवर त्याच्यामागे धाडलं, ते त्याचे कपडे राखायला.

शेडमध्ये जुन्या सरकीचा वास असायचा. पत्र्याच्या सांदीत अडकलेला कापूस वारा सुटला की खाली यायचा आणि घामेजलेल्या अंगांना चिकटायचा. पहिल्याच दिवशी भागवतनं फौजीच्या चड्डीला हात घातला, कारण फडात लंगोट धरायची सवय. फौजी ओरडला, "कपडा नहीं पकडनेका! माणूस पकड!" दुसऱ्या झोंबीत फौजीनं त्याचा पाय काढून त्याला खाली घेतलं, आणि भागवतनं आण्णांनी जन्मभर शिकवलं तेच केलं. झटक्यात पालथा झाला. पाठ वाचली म्हणून त्याच्या तोंडावर समाधानसुद्धा आलेलं मी पाहिलं. पुढच्या श्वासाला फौजी त्याच्या पाठीवर होता, दोन्ही पाय आतून त्याच्या मांड्यांत अडकवलेले, हात गळ्याखाली. भागवत लालबुंद झाला आणि थाप मारावी लागते हेच विसरला. फौजीनं स्वतःच सोडलं. "पीठ दे दी, गला गया," तो म्हणाला. "तुम्हारे गाँव के सब पहलवान एकच चूक करते. पाठ वाचवायच्या नादात पाठच देऊन टाकते." शेडमधली सगळी पोरं हसली. भागवतनं त्या हसण्याचा हिशेब घरी येताना माझ्यावर पुरा केला. मी तर हसलोही नव्हतो.

दिवाळी झाली की शिरूरची अर्धी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. टोळ्यांच्या गाड्या भरल्या आणि शेड ओस पडली. भागवतला जोड उरला नाही. तेव्हा आण्णा मला म्हणाले, "तू पड की त्याच्याखाली. तुला दुसरं काय काम हाय?" असा मी ग्रॅपलिंगमध्ये आलो. भागवत माझ्यापेक्षा दीडपट. तो मला दाबायचा, उलटा करायचा, गळा धरायचा, आणि मी थाप मारली की लगेच सोडायचा नाही. एक श्वास जास्त धरायचा. कधी दोन. कानात विचारायचा, "काय म्हणलास बे? ऐकू न्हाई आलं." डोळ्यांपुढे पत्र्याची भोकं काजव्यांसारखी नाचायची. फौजीनं पाहिलं तर तो भागवतला शेडभोवती पळवायचा, पण फौजीला काय सगळीकडे डोळे होते? घरी आलो की घास गिळवायचा नाही. माय भाकरी माडग्यात कुस्करून द्यायची. माझा आवाज बसलेला ऐकून आण्णा खूष व्हायचे. "बघ, आता कसं बोकडावानी बेंबाटतंय," असं भागवतला म्हणायचे, आणि दोघं मिळून हसायचे. मायही पदर तोंडाला लावून हसायची. तिला हसावंच लागायचं.

खाली पडून पडून माणूस शिकतो. मला वाचवायला पाठ नव्हतीच, ती लहानपणापासून टेकलेली, त्यामुळे उताणं पडायची मला लाज नव्हती. फौजीच्या ते ध्यानात आलं. तो मला वेगळा घेऊन बसायला लागला. आधी छाती त्याच्या पाठीला चिकटव, मधे वारा गेला नाही पाहिजे. एक हात खांद्यावरून, एक काखेतून, दोन्हीची मूठ त्याच्या छातीवर. याला तो सीटबेल्ट म्हणायचा. आमच्याकडच्या जीपमध्ये दाराला कडी नसते, तिथं सीटबेल्ट कुणी बघितला, पण नाव तोंडात बसलं. मग पाय आतून अडकव, आणि तळपाय एकमेकांवर ठेवू नकोस, नाहीतर तो तुझाच घोटा मोडेल. मग गळ्याची घाई नको. तो हनुवटी छातीत घालील, दोन हातांनी तुझा हात ओढील. ओढू दे. त्याचा एक हात तुझ्या पायाखाली घे. आता त्याच्याकडे एक हात उरला आणि तुझ्याकडे दोन. "पहले पीठ, फिर हाथ, फिर गला," फौजी म्हणायचा. "ज्याला गळ्याची घाई, त्याची पाठ सुटते."

मला हे सोपं गेलं, कारण मेंढरांना जंताचं औषध मी तसंच पाजत होतो. मागून मांड्यांत घ्यायचं, एक हात जबड्याखाली, आणि त्याची धडपड संपेपर्यंत आपण धडपडायचं नाही. थोड्या वेळानं ते स्वतःच जड होतं. भागवत पहिल्यांदा असा जड झाला तो दिवस मला अजून अंगभर आठवतो. त्याच्या बरगड्या माझ्या पोटाशी भात्यासारख्या हलत होत्या, त्याच्या मानेचा घाम माझ्या तोंडात गेला, आणि त्यानं माझ्या दंडावर थाप मारली. मी सोडलं. लगेच. मला एक श्वास जास्त धरता आला असता, आणि धरावंसं फार वाटलं, खोटं कशाला सांगू. पण माझ्या गळ्याला ते ठाऊक होतं. आता माझी मान उजवीकडे वळत नाही. त्या बाजूनं कुणी हाक मारली तर मी अख्खाच्या अख्खा वळतो, आणि लोकांना वाटतं, काय मान देतो हा माणूस.

उन्हाळा लागता लागता दोन गोष्टी एकदम आल्या. आण्णांचा गुडघा कामातून गेला, आणि दर साली गोदाकाठाला जाणारी मेंढरं त्यांच्यानं नेणं होणार नाही हे त्यांनाही कळलं. आणि फौजीच्या ओळखीनं अंबाजोगाईला एका पोराची सोय होणार होती. तिथं मोठी शेड, रोज मॅट, राहायला-जेवायला खेळाडूंबरोबर, आणि कॉलेज. जागा एकच. म्हणजे एक जण अंबाजोगाईला आणि एक जण मेंढरांमागे, आणि मेंढरांमागे गेलेला माणूस पुन्हा शाळेच्या बाकावर बसत नाही हे आमच्या वस्तीवर कुणाला सांगावं लागत नव्हतं. फौजी स्वतः वस्तीवर आला, चहा घेतला, आणि म्हणाला, "धाकटा पाठवा. थोरल्यात ताकद आहे, याच्यात खेळ आहे." आण्णांनी बशी खाली ठेवली. "खुराक थोरल्यानं खाल्लाय," ते म्हणाले. फौजी म्हणाला, मग दोघांना शेडमध्ये लढवू, मी पंच होतो. आण्णा हो म्हणाले. फौजीची गाडी वळणाआड गेली तसं ते आमच्याकडे वळले. "बाहेरचा माणूस कशाला पायजे? पोरं मपली, माती मपली. उद्या हितंच."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर मेंढरं बाहेर काढली आणि आण्णा वाड्याच्या दगडी कुंपणावर गुडघा लांबवून बसले. समोरच्या बाजूला चुलीच्या खोलीच्या दारात माय, हाताला पीठ. "कायदे त्या फौजीचे," आण्णा म्हणाले. "पाठ टेकली तरी चालू. पर एक मपला. थाप कुणी मारायची न्हाई. मह्या घरात थाप मारणारं जल्माला आलं न्हाई. ज्यानं मारली त्यानं मह्या दारात उभं ऱ्हायचं न्हाई." मी विचारलं, "आन् जीव गेला तर?" ते म्हणाले, "गेला तर तेवढा घास वाचला." भागवत हसला. मला अंबाजोगाई पाहिजे होती. त्या घरातून, त्या हसण्यातून, त्या माडग्यातून मला बाहेर पडायचं होतं आणि त्याला वाट एकच होती, भागवतच्या अंगावरून.

त्यानं पहिल्या झटक्यात मला उचलून आपटलं. पाठ धाडकन लागली, आण्णा "लागली!" म्हणून ओरडले आणि मग त्यांना आठवलं की यात ते चालत नाही. लेंड्यांची धूळ उडाली. भागवत छातीवर चढायला आला, मी त्याच्या पायांत पाय घातले, त्याचा तोल खांद्यावरून पुढे काढला आणि तो कोसळला. पुढचं मला आधीच ठाऊक होतं. इतके महिने त्याला फौजीनं सांगितलं होतं, इतक्यांदा गळा गेला होता, पण समोर बाप बसलेला. भागवत झटक्यात पालथा झाला. आणि कुंपणावरून आण्णा ओरडले, "शाब्बास! पालथाच ऱ्हा! पाठ लागू देऊ नकोस!" मी त्याच्या पाठीवर गेलो. पाय आत अडकवले, कंबर दाबून त्याला सपाट केलं. तो उठू बघायचा, आण्णा ओरडायचे, "पालथा! पालथा ऱ्हा भागवत!" इतका आज्ञाधारक तो आयुष्यात कधी झाला नव्हता. त्यानं हनुवटी छातीत घातली. मी वाट पाहिली. त्याचा उजवा हात माझ्या पायाखाली घेतला. त्याचं कपाळ मातीला टेकलं, श्वासाबरोबर धूळ आत गेली, तो खोकला, आणि खोकताना हनुवटी सुटली. माझा हात आत सरकला. दंड एका बाजूला, मनगटाचं हाड दुसऱ्या बाजूला, पंजा माझ्याच दुसऱ्या दंडावर. छाती फुगवली. त्याच्या गळ्यातून मेंढराच्या कोकरासारखा आवाज आला.

आणि मग माझ्या डाव्या पिंडरीवर दोन बोटं आपटली. हाताचा पंजा नव्हे, दोन बोटं, हळू. त्याचा डावा हात अंगाखालून मागे आला होता, आण्णांच्या विरुद्ध बाजूला. दोनदा टकटक, मग जरा थांबून पुन्हा. ती थाप होती. जन्मल्यापासून माझ्याशी इतक्या नरमाईनं तो कधीच वागला नव्हता. मी सोडलं.

भागवत खोकत कुशीवर झाला. आण्णा म्हणाले, "सोडलं कावून?"

"थाप मारली त्यानं."

"भागवत," आण्णा म्हणाले, "मारली का?"

तो तोंडातली माती थुंकत होता. डोळ्यांतल्या शिरा फुटून डोळे लाल झाले होते. त्यानं आण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खरखरत्या आवाजात म्हणाला, "न्हाई. ह्याच्याच हातातला जोर गेला."

मी मायकडे वळलो. बोटं तिच्या बाजूला होती, ती दारातच उभी होती, मधे काही नव्हतं. "माय, तू सांग. तुला दिसली ना?" तिनं हाताचं पीठ झटकलं. "मी चुलीपाशी व्हते रं," ती म्हणाली आणि आत गेली. तिच्याशी मी पुढे कितीतरी वर्षं बोललो नाही असं नाही. रोज बोललो, भाकरी मागितली, दुखलं-खुपलं सांगितलं. पण तिचं हे वाक्य आठवलं की हातातली भाकरी मी अजून खाली ठेवतो. ती भ्यायली होती, हे मला कळतं. कळून काही होत नाही.

"पकड सोडली त्यानं कुस्ती सोडली," आण्णांनी निकाल दिला. "भागवत अंबाजोगाईला. नाऱ्या मेंढरामागं." भागवतनं त्या संध्याकाळी दूध प्यायलं, थेंब थेंब, कारण गिळवत नव्हतं. आण्णा त्याच्या कंठाकडे बघत होते. फौजी दोन दिवसांनी आला तेव्हा त्यानं भागवतचे डोळे पाहिले, मानेवरचा वळ पाहिला, आणि सगळं समजला. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "टॅप किया था ना?" मी मान हलवली. तो आण्णांशी भांडायला गेला आणि आण्णांनी त्याच्या अंगावर कुत्री सोडली. अक्षरशः सोडली. पुढं तो आमच्या वस्तीवर कधी आला नाही.

भागवत काळ्या-पिवळ्या जीपनं गेला. जाताना त्यानं सायकलची किल्ली माझ्या हातात दिली आणि मोठ्या मनानं म्हणाला, "वापर बे." मेंढरांमागे सायकल कुठं चालवायची, ते सांगितलं नाही. त्याच दिवशी आम्ही मेंढरं हलवायची तयारी केली. आण्णा आणि मी घोड्यावर बोचकी आणि कोंडायच्या जाळ्या लादत होतो. ते एका अंगाला, मी दुसऱ्या, मधे घोडं. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं.

"थाप मारली व्हती त्यानं," ते म्हणाले.

मला वाटलं, मला भास झाला. मी घोड्याच्या मानेखालून वाकून पाहिलं. ते गाठ मारत होते.

"तुमाला दिसली?"

"कोपर हालला की त्याचा. उभ्या जल्मात काय बघत आलो म्या?" मग ते हसले. "म्हणलो व्हतो ना, थाप मारणारा दारात नको. गेला बघ घराबाहेर."

"मंग बोलले कावून न्हाई?"

"मेंढरं त्याच्या हवाली केली असती तर दिवाळीपस्तोर एकेक करून इकून खाल्ली असती त्यानं. तिकडं जाऊन लबाडी करील, खाईल, जगंल. तू तसा न्हाईस. थाप बसली की सोडतूस. सांगितलं तसं करतूस. तुह्या हाताखाली मेंढरं ऱ्हात्यात."

"आन् मी?" मी म्हणालो.

आण्णांचे हात थांबले. त्यांनी घोड्याच्या पाठीवरून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, त्यांना खरंच कळलं नव्हतं मी काय विचारतोय ते.

"तू काय?" ते म्हणाले. "दोर वढ."

मी ओढला.